कमी उजेडातले घरचे फोटो: आधी दिवे, मग शटर, आयएसओ शेवटी

दुपारचं रखरखीत ऊन आणि रात्री दिवे लावलेला हॉल, या दोन्हींत उजेडाचा फरक साधारण हजारपटीचा असतो. डोळे जुळवून घेतात म्हणून तो जाणवत नाही. कॅमेऱ्याला ही तूट तीनच मार्गांनी भरता येते: शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, मोठं करायचं किंवा आयएसओ, म्हणजे मिळालेला उजेड किती मोठा करून दाखवायचा तो आकडा, वाढवायचा. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा या तिन्हींचा हिशेब स्वतःच करतो, आणि समोर आजोबा शांत बसलेत की नातू सोफ्यावरून उड्या मारतोय, हे त्या हिशेबात बहुतेक वेळा धरलेलं नसतं. मग फोटो हलतो, काळवंडतो, नाहीतर समोरून फ्लॅश पडून चेहरे पांढरेफटक होतात.

यावरचा उपाय नवा कॅमेरा नव्हे. निर्णयांचा क्रम बदलला तरी निम्मं काम होतं. आधी खोलीतला उजेड सुधारा. मग माणसाच्या हालचालीप्रमाणे शटर ठरवा. त्यानंतर किती भाग स्पष्ट हवा आहे ते बघून अ‍ॅपर्चर. उरलेली तूट आयएसओने भरा आणि तो आकडा कितीही आला तरी बिचकू नका. बहुतेक लोक नेमका याच्या उलट्या क्रमाने विचार करतात.

आधी बिघाड ओळखा

काढलेला फोटो स्क्रीनवर पूर्ण मोठा करून बघा. चौकटीतलं सगळंच, म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा, एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हलला आहे. कॅलेंडरवरचे आकडे वाचता येतात पण चेहरा पुसट आहे, म्हणजे माणूस हलला. माणसाच्या मागचा पडदा धारदार आणि चेहरा मऊ असेल तर फोकस चुकला. तिन्हींवरचे इलाज वेगळे आहेत. हात हलण्यावर लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन काम करतं; माणूस हलण्यावर ते काहीच करू शकत नाही, तिथे शटरच जलद लागतं. ‘माझ्या लेन्सला स्टॅबिलायझेशन आहे, तरी फोटो का हलतात?’ या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी इथेच सापडतं.

खोलीतला उजेड हलवा

दिवसा फोटो काढायचा असेल तर माणसाला खिडकीकडे न्या. खिडकीपासून तीन मीटरवर बसलेल्या माणसाला एक मीटरवर आणलं तर त्याच्यावरचा उजेड सहज चौपट होतो, म्हणजे आयएसओ ३२०० च्या जागी ८०० पुरतो. आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. डासांची जाळी सरकवा, ती बराच उजेड खाते. गॅलरीच्या ग्रिलवर वाळत घातलेले कपडे काढा. रंगीत चादर असेल तर तिचा रंग थेट चेहऱ्यावर उतरतो. माणसाला खिडकीकडे पाठ करून बसवू नका. खिडकी त्याच्या एका बाजूला, थोडी पुढे यावी आणि तुम्ही खिडकीच्या भिंतीला लागून उभं राहावं. चेहऱ्याची दुसरी बाजू फार काळी वाटली तर त्या बाजूला पांढरा कार्डशीट धरा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात मोठ्या आकाराचा कार्डशीट सहज मिळतो. नाहीतर धुतलेलं पांढरं धोतर किंवा चादर खुर्चीच्या पाठीवर टाकली तरी चालते. अंतर हातभर ठेवा, त्याहून लांब नेली तर उपयोग संपतो.

उत्तरेची खिडकी दिवसभर एकसारखा, मऊ उजेड देते असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. पुण्यात ते वर्षभर खरं नाही. साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत इथे भरदुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळचं ऊन तर चांगलंच उत्तरेकडून येतं. त्या दिवसांत आभाळ उघडं असेल तर उत्तरेच्या खिडकीतही उन्हाचा पट्टा पडतो. पातळ पांढरा पडदा ओढला की काम होतं. पावसाळी ढगांचा उजेड मात्र कमी असला तरी फार देखणा असतो. तेव्हा सकाळी दहा ते दुपारी तीनच्या मधली वेळ धरा.

रात्री नियम एकच: शक्यतो एकाच जातीचे दिवे चालू ठेवा. एलईडी बल्बच्या खोक्यावर रंगतापमान लिहिलेलं असतं. पिवळसर दिवा २७०० ते ३००० केल्विनचा, पांढरा निळसर दिवा ६५०० चा. दोन्ही एकत्र लावले तर एक गाल पिवळा आणि दुसरा निळा येतो, आणि तो नंतर संगणकावरही नीट दुरुस्त होत नाही, कारण एकाला सरळ करायला गेलं की दुसरा बिघडतो. पिवळे ठेवा किंवा पांढरे ठेवा. दिवसा खिडकीचा उजेड वापरत असाल तर घरातले पिवळे दिवे बंद करा. नवे बल्ब घेणारच असाल तर खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, बघा. ९० किंवा अधिक असलेल्या दिव्याखाली त्वचेचा रंग जिवंत राहतो; स्वस्त दिव्याखाली चेहरे राखाडी-हिरवट दिसतात आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो.

छताच्या मधोमध लावलेला एकच दिवा डोळ्यांखाली खोल सावल्या पाडतो. माणूस त्याच्या बरोबर खाली नको, दोन पावलं मागे हवा, म्हणजे उजेड पुढून तिरपा येतो. टेबललॅम्प असेल तर तो चेहऱ्यावर न मारता शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर मारा. भिंतच मोठा मऊ दिवा होते. दिवा जवळ आणण्याचा फायदा विसरू नका: बल्ब दोन मीटरवरून एक मीटरवर आला की उजेड चौपट.

शटर, आणि आपल्या विजेचे ५० हर्ट्झ

स्थिर बसलेल्या, फोटोसाठी थांबलेल्या माणसाला १/५० सेकंदाचं शटर चालतं. गप्पा मारणाऱ्या, हातवारे करणाऱ्या माणसांना १/१०० ते १/१२५. खेळणाऱ्या मुलाला १/२५०. कथकच्या चक्करांना १/५०० सुद्धा अपुरं पडू शकतं. हात हलू नये म्हणून जुना नियम असा की शटर लेन्सच्या फोकल लेंग्थइतकं तरी असावं, म्हणजे ५० मिलिमीटरला १/५०. छोट्या, एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर त्याची दीडपट, १/८०.

आता एक गोष्ट जी परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, अमेरिकेत ६०. त्यामुळे आपल्या ट्यूबलाइटचा आणि बऱ्याच एलईडी दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर १/१०० असेल तर बरोबर एक आवर्तन पूर्ण पकडलं जातं, १/५० असेल तर दोन, १/२५ असेल तर चार. १/६० किंवा १/२५० ठेवलं तर कधी उजेडाचा कळस हाती लागतो, कधी घसरण. लागोपाठ काढलेल्या पाच फोटोंपैकी दोन काळपट आणि एक पिवळट निघतो तो यामुळे. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर तर फोटोत आडवे काळे पट्टे येतात. म्हणून ट्यूबलाइटखाली शक्यतो १/५० किंवा १/१०० वर राहा, सायलेंट शटर बंद ठेवा आणि मेनूत अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. १/२५० लागणारच असेल तर एका क्षणाचे चार-पाच फोटो घ्या आणि त्यातला उजळ ठेवा.

ट्रायपॉड असेल आणि समोरची गोष्ट हलणारी नसेल, उदाहरणार्थ देवघर, वाड्याचं माजघर किंवा कोरीव खांब, तर सगळंच सोपं होतं. आयएसओ १०० किंवा २००, अ‍ॅपर्चर एफ/८ (एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं), शटर दोन सेकंद लागलं तरी हरकत नाही. बटण दाबताना होणारा धक्का टाळायला दोन सेकंदांचा टायमर लावा आणि लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा. काही लेन्सचं ते ट्रायपॉडवर उलट हालचाल निर्माण करतं. जुन्या वाड्याच्या माडीवर, लाकडी तक्तपोशीवर ट्रायपॉड लावलात तर शटर उघडं असेपर्यंत कोणालाही चालू देऊ नका. जिन्यावरून एखादं माणूस चढलं तरी ती जमीन थरथरते आणि फोटोत दोन-दोन कडा येतात. ट्रायपॉड नसेल तर कापडी पिशवीत किलोभर तांदूळ भरून ती टेबलावर ठेवा आणि कॅमेरा तिच्यात रुतवा. हातात धरूनच काढायचा असेल तर कोपरं बरगड्यांना टेकवा, श्वास सोडताना दाबा आणि तीन फोटो सलग घ्या. पहिल्याला बोटाचा धक्का लागतो. मधला बहुधा सर्वांत स्वच्छ निघतो.

अ‍ॅपर्चर आणि लेन्स

कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ची किट लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ वर येते. एफ/१.८ ची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणजे एफ/५.६ ला आयएसओ १२८०० लागत असेल तिथे एफ/१.८ ला १२५० च्या आसपास भागतं. घरच्या फोटोंसाठी पैसे खर्च करायचे असतील तर पहिले इथेच करा. फक्त एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० ऐवजी ३५ मिलिमीटर घ्या. दहा बाय बाराच्या खोलीत ५० लावून भिंतीला पाठ टेकली तरी चार माणसं चौकटीत मावत नाहीत.

किट लेन्सवरच काम चालवायचं असेल तर झूम करू नका. १८ मिलिमीटरवर ती एफ/३.५ देते, दोन पावलं पुढे जा.

एफ/१.८ ची किंमतही समजून घ्या. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर लेन्सने दोन मीटरवरून काढलं तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ११-१२ सेंटीमीटरचा असतो. एका चेहऱ्याला तो पुरतो, पण शेजारी बसलेला भाऊ वीतभर मागे असेल तर तो धूसर होतो. दोघंतिघं असतील तर त्यांना एका रेषेत आणा आणि एफ/२.८ वापरा. सोफ्यावर एक रांग, मागे उभी दुसरी, असा घरातला गट असेल तर ३५ मिलिमीटर, एफ/४, अंतर तीन मीटर: पट्टा मीटरभराचा मिळतो. फोकस पुढच्या रांगेतल्या डोळ्यांवर धरा.

अंधारात फोकस पुढेमागे भटकत असेल तर मधला बिंदू निवडा आणि तो सपाट गालावर न ठेवता जिथे काळं-पांढरं शेजारी आहे तिथे ठेवा: डोळ्याची कड, चष्म्याची फ्रेम, साडीचा काठ. तेही जमलं नाही तर कोणाला तरी मोबाइलचा टॉर्च क्षणभर चेहऱ्याजवळ धरायला सांगा, फोकस घ्या, लॉक करा, टॉर्च बंद. स्थिर वस्तूंसाठी लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवरचं चालू चित्र, दहापट मोठा करून हाताने फोकस करणं सर्वांत खात्रीचं.

आयएसओला घाबरण्याचं कारण नाही

दाणेदार फोटोचा दोष आयएसओच्या आकड्याला दिला जातो. खरं कारण कमी उजेड हेच असतं. सेन्सरवर उजेडाचे कण जितके कमी पडतील तितका त्यांच्यातला चढउतार जास्त दिसतो. आयएसओ ते फक्त मोठं करून दाखवतो. म्हणून ‘दाणे नकोत’ या भीतीने आयएसओ ८०० वर अडकवून काळा फोटो काढायचा आणि घरी येऊन संगणकावर उजळायचा, हा सर्वांत वाईट मार्ग आहे. सावल्यांमध्ये जांभळट डाग आणि पट्टे येतात, आणि जेपेगमध्ये तर तिथला तपशील कायमचा गेलेला असतो. पूर्ण उजळ काढलेला ३२०० चा फोटो अंधारा काढून उजळलेल्या ८०० च्या फोटोपेक्षा स्वच्छ असतो. हलका दाणा लोक माफ करतात. हललेला चेहरा करत नाहीत.

व्यवहारात हे असं लावा: मोड एम (मॅन्युअल), शटर १/१००, अ‍ॅपर्चर एफ/२ ते २.८, आयएसओ ऑटोवर आणि त्याची कमाल मर्यादा एपीएस-सीला ६४००, मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेमला १२८००. फाइल रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल. रात्रीच्या साधारण उजळ हॉलमध्ये एफ/२.८, १/१०० ला ३२०० च्या आसपास आकडा येईल. खिडकीजवळ दिवसा ४०० ते ८००. एम मोडमध्ये ऑटो आयएसओ असताना काही जुन्या कॅमेऱ्यांत कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याच्या हिशेबापेक्षा फोटो उजळ किंवा काळा करण्याची सोय) चालत नाही. त्यांच्यावर अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी घ्या आणि ऑटो आयएसओच्या मेनूत किमान शटर १/१०० बांधून टाका.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर दोन ठिकाणी हमखास फसतो. पांढरी भिंत, पांढरा सदरा-धोतर किंवा मागे खिडकी असेल तर तो फोटो काळा काढतो, तिथे कॉम्पेन्सेशन +१ स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड. मागे काळा पडदा किंवा अंधारं माजघर असेल तर तो उजळून चेहरा जाळतो, तिथे −१. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर विसंबू नका. अंधाऱ्या खोलीत काळपट फोटोही तिच्यावर छान उजळ दिसतो आणि घरी आल्यावर निराशा होते. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कुठे किती भाग आहे त्याचा आलेख, बघा. आलेख डाव्या कडेला चिकटून बसला असेल तर दोन-तृतीयांश स्टॉप वाढवा. समईची ज्योत किंवा बल्ब पूर्ण पांढरा झाला तर होऊ द्या, कपाळ आणि नाकाचा शेंडा मात्र पांढरा पडता कामा नये.

फ्लॅश वापरायचा तर वर

कॅमेऱ्यातला पॉप-अप फ्लॅश बंदच ठेवा. तो लेन्सच्या इतका जवळ असतो की उजेड डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांवरून थेट परत येतो आणि डोळ्यांच्या बाहुल्या लाल दिसतात. वर मागची खोली काळी पडते.

वेगळा, मान वळणारा फ्लॅश असेल तर तो छतावर मारा. फ्लॅटचं छत नऊ-दहा फुटांवर आणि पांढरं असतं, बाउन्ससाठी उत्तम. मान सरळ वर नको, किंचित मागे किंवा एका बाजूच्या भिंतीकडे. १/१००, एफ/४, आयएसओ ८००, फ्लॅश टीटीएलवर (उजेड मोजून ताकद स्वतः ठरवणारा मोड) +०.७. आयएसओ ८०० का, १०० का नाही? कारण मग घरातले दिवे, पणत्या, मागची खोलीही फोटोत राहते; आयएसओ १०० ला फक्त फ्लॅशने उजळलेली माणसं उरतात आणि मागे काळोख. फ्लॅशचं काम कमी झाल्याने सेलही जास्त टिकतात. खोलीत पिवळे दिवे असतील तर फ्लॅशच्या तोंडावर केशरी जिलेटिन लावा, फुल सीटीओ नावाने मिळतं, आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगतापमानाची सेटिंग) ३२०० केल्विनवर ठेवा. फ्लॅश आणि दिवे एकाच रंगाचे होतात.

वाड्यात हा उपाय फसतो. तुळया आणि तक्तपोशीचं काळपट छत उजेड गिळतं आणि जो परत पाठवतं तो तपकिरी असतो. हिरव्या किंवा निळ्या ऑइलपेंटच्या भिंतीवर मारलात तर चेहरे हिरवे-निळे. तिथे दोघांना पांढरी चादर ताणून धरायला सांगा आणि फ्लॅश तिच्यावर मारा. मंगल कार्यालयाचं छत वीस फुटांच्या वर असेल तर आयएसओ १६०० करा, तरी पुरलं नाही तर जवळचा पांढरा खांब शोधा.

मखर, आरती, अंतरपाट

गणपतीचे घरचे फोटो बिघडतात ते मखरातल्या दिव्यांच्या माळांमुळे. माळा मूर्तीच्या मागे असतात, मीटर त्या बघून एक्स्पोजर कमी करतो आणि मूर्तीचा चेहरा सावलीत जातो. माळा मूर्तीच्या मागून काढून मखराच्या आतल्या कडेने, मूर्तीच्या पुढच्या बाजूला लावल्या तर सजावट तीच राहते आणि चेहरा उजळतो. रंग बदलणाऱ्या माळा फोटोपुरत्या बंद करा. खोलीतली ट्यूब बंद, एक पिवळा दिवा डाव्या किंवा उजव्या भिंतीवर मारलेला, कॅमेरा मूर्तीच्या डोळ्यांच्या उंचीवर. मूर्ती हलत नाही, म्हणून ट्रायपॉड, आयएसओ २००, एफ/५.६, शटर जे येईल ते. स्पॉट मीटरिंग, म्हणजे एका छोट्या ठिपक्यापुरतं उजेडाचं मोजमाप, सोंडेच्या वरच्या भागावर. चकचकीत रंगावर दिव्याचा पांढरा ठिपका येत असेल तर दिवा हलवा, कॅमेरा नको.

आरतीला सगळं उलटं. माणसं हलतात, टाळ्या चालू असतात: १/१००, एफ/२, आयएसओ ३२०० ते ६४००. तबक छातीच्या उंचीवर येतं त्या क्षणी निरांजनाचा उजेड चेहऱ्यावर खालून नीट पडतो. तबक खाली असताना हनुवटीच फक्त उजळते. कापूर पेटला की उजेड एकदम वाढतो. तेव्हा ऑटो आयएसओ ज्योत बघून चेहरा काळा करू शकतो, म्हणून आरती सुरू होण्याआधीच चेहऱ्यावर मोजून आयएसओ हाताने बांधा.

लग्नात व्हिडिओवाल्याचा एलईडी पॅनेल हा फुकटचा दिवा आहे. त्याच्या शेजारी उभं राहून काढाल तर चेहरे सपाट दिसतील. त्याच्यापासून साधारण काटकोनात उभे राहा, नाकाडोळ्यांना आकार येतो. मंगलाष्टकांच्या शेवटी अक्षता हवेत थांबलेल्या हव्या असतील तर १/५०० किंवा त्याहून जलद, त्यांच्या रेघा हव्या असतील तर १/५०. आधीच ठरवा, कारण अंतरपाट दूर झाल्यावर विचार करायला वेळ नसतो. स्टेजवरचे जांभळे-निळे पार (PAR) झोतदिवे चेहऱ्यावर पडत असतील तर डेकोरेशनवाल्याला ते फक्त मागच्या पडद्यावर वळवायला मुहूर्ताआधी सांगा. दोन मिनिटांचं काम असतं आणि अख्खा अल्बम वाचतो.

रंगीत तालीम आणि मैफल

नाटकाचे फोटो प्रयोगात काढायला बहुतेक ठिकाणी मनाई असते आणि ती रास्त आहे. पुरुषोत्तम करंडकाची एकांकिका असो की व्यावसायिक नाटक, संस्थेला विचारून रंगीत तालमीचे काढा. दिवे, वेशभूषा सगळं तेच असतं आणि प्रेक्षकांना त्रास नाही. एम मोड, एफ/२.८, १/२००, आयएसओ १६०० ते ३२००, स्पॉट मीटर चेहऱ्यावर. काळ्या पडद्यामुळे ऑटोवर चेहरे जळतात हे इथे सर्वांत जास्त जाणवतं. लाल किंवा निळा प्रकाश असेल तर साधा हिस्टोग्राम ठीक दाखवतो पण एकच रंगवाहिनी (लाल किंवा निळी) फुटलेली, म्हणजे तपशील उरणार नाही इतकी भरलेली असते, चेहरा प्लॅस्टिकच्या तुकड्यासारखा दिसतो. तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावा आणि एक स्टॉप कमी ठेवा. मंद केलेल्या एलईडी दिव्यांचा लुकलुकाट ५० हर्ट्झच्या हिशेबात बसेलच असं नाही, तेव्हा आधी दोन-तीन शटर वेग करून बघा. फोकसला मदत करणारा कॅमेऱ्याचा लाल किंवा हिरवा दिवा मेनूतून बंद करायला विसरू नका.

गाण्याच्या मैफलीत फ्लॅश कधीच नको. माइक तोंडासमोर येतो, म्हणून समोर न बसता तिरपं बसा. गायकाचा हात तानेत हलत असतो पण समेवर येताना क्षणभर थांबतो. तिथे १/१०० लाही तो धारदार मिळतो. शांत आलापीत शटरचा खडखडाट करू नका, तबला सुरू होईपर्यंत थांबा.

राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी काचेच्या कपाटांचा प्रश्न असतो. फोटोची परवानगी दारातच विचारा. गडद कपडे घाला, कारण काचेत पांढरा शर्ट दिसतो, आणि रबरी लेन्सहूड काचेला अलगद टेकवा. परावर्तन जातं आणि टेकल्यामुळे हातही स्थिर होतो.

मोबाइल असेल तर

पहिली गोष्ट, लेन्स पुसा. बोटाचा तेलकट ठसा असेल तर प्रत्येक दिव्याभोवती धुकं येतं. मुख्य, म्हणजे १× चाच कॅमेरा वापरा; वाइड आणि टेलिचे सेन्सर बहुधा लहान असतात आणि अंधारात काही फोन टेलिच्या नावाखाली मुख्य कॅमेऱ्याचाच तुकडा मोठा करून देतात. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होईल. मग बोट सरकवून उजेड किंचित खाली आणा, म्हणजे कपाळ जळत नाही. नाइट मोड एक ते तीन सेकंद बरेच फोटो घेऊन एकत्र करतो, त्यामुळे फोन दाराच्या चौकटीला टेकवा आणि काम संपेपर्यंत हलवू नका. देवघर, खोली, रांगोळी यांना तो उत्तम. धावत्या मुलांना मात्र तो बंद करा, नाहीतर एका मुलाला तीन हात येतात. प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१००. आडवे पट्टे जातात. ब्यूटी फिल्टर कमी उजेडात चेहऱ्याचा उरलासुरला तपशीलही पुसतो, तो बंद.

घरी आल्यावर

आधी व्हाइट बॅलन्स, मग एक्स्पोजर, मग दाणे. रंगीत दाणे काढणारा स्लायडर निःसंकोच वाढवा. उजेडाचे दाणे काढणारा २०-३० च्या पुढे नेलात तर त्वचा मेणाची होते. आताचे एआय डीनॉइज रॉवर चांगलं काम करतात, पण काठापदराची वीण आणि पांढऱ्या केसांच्या बटा पूर्ण मोठ्या करून तपासा, कारण काही वेळा ते नसलेला तपशील रंगवतात. दिव्यांचे रंग इतके मिसळले असतील की काहीच जुळत नाही, तर फोटो कृष्णधवल करा. त्यात तो दोष पूर्ण नाहीसा होतो.

नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवू नका. दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये काळ्या भागांचे चौकोनी ठोकळे पडतात, आणि कमी उजेडाच्या फोटोत काळा भागच जास्त असतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा निदान एचडीचा पर्याय निवडा.